सातव्या झेरॉक्सवरची दीर्घिका

आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर कुणाकडेही पूर्ण डोळे उघडून बघत नसत. समोर माणूस असो, भिंत असो की वरणाची वाटी, आधी डोळे अर्धे मिटायचे, मान जरा मागे न्यायची आणि मग बघायचं. बारीकसारीक गोष्टी नजरेआड झाल्या की मूळ आकार कळतो, असं त्यांचं म्हणणं. नव्याने आलेल्या मुख्याध्यापिकांना हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच सभेत त्या शिस्तीवर बोलत होत्या आणि सर पहिल्या रांगेत बसून अर्धमिटल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होते. शेवटी भाषण थांबवून त्यांनी विचारलं, "सर, रात्री झोप झाली नाही का?"

"झाली की," सर म्हणाले. "तुमच्या उजव्या गालावर खिडकीचा उजेड छान पडलाय, तो बघतोय."

सभा तिथेच संपल्यात जमा झाली. सर चेष्टा करत नव्हते, हे बाईंना पटायला पुढे दोन वर्षं लागली.

मी आधी त्यांची विद्यार्थिनी आणि नंतर त्याच शाळेत गणिताची शिक्षिका. विद्यार्थिनी म्हणून माझी कामगिरी सांगण्यासारखी नाही. सातवीत असताना मी एक आंबा काढला होता. छान पिवळा, देठाशी हिरवं पान, कॅलेंडरवर छापावा असा. सरांनी कागद उलटा धरला, आडवा धरला, पुन्हा सरळ केला आणि म्हणाले, "हा तुझ्या डोक्यातला आंबा. टेबलावरचा कुठे आहे?" टेबलावरचा एका अंगाला दबलेला होता आणि त्याला पान नव्हतंच. मला ‘क’ श्रेणी मिळाली. तो राग मी पंधरा वर्षं सांभाळला आणि स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात काढून दाखवला. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "आठवतो मला. रंग बरा दिला होतास."

स्टाफरूममध्ये चारचौघांत ते मला ‘टीचर’ आणि ‘तुम्ही’ म्हणत. फाटकाबाहेर पाऊल पडलं की मी पुन्हा सातवीतली, ‘अगं’ आणि ‘तू’.

कागद चारही बाजूंनी फिरवून बघायची त्यांची सवय चित्रांपुरती नव्हती. लग्नाची पत्रिका आली तरी ती आधी गोल गोल फिरवून बघत. वेलबुट्टी कुठे जड झाली, नाव कुठे कलंडलं, हे सगळं सांगत आणि तारीख वाचायची राहून जाई. आमच्या एका शिपायाच्या लग्नाला ते दुसऱ्या दिवशी आहेर घेऊन पोचले होते. मांडव सोडणाऱ्या माणसांना त्यांनी बांबूच्या सावल्या दाखवल्या आणि तिथेच जेवून परत आले.

राहायला ते वसईजवळ भुईगावला, वडिलोपार्जित वाडीत. घराणं कॅथलिक, पिढ्यान्‌पिढ्या केळी लावणारं. त्यांच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. त्या देवळात नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, सजवायचं काम एका वर्षी फादरांनी सरांवर सोपवलं. गोठ्यामागचं आकाश सरांनी निळ्या-काळ्या रंगात असं काही रंगवलं, की बघणारा गप्प व्हावा. फक्त त्यात चांदणीच्या जागी एक पुसट ठिपका होता. गावात कुजबुज सुरू झाली. फादरांनी जपून विचारलं, "तारा कुठाय?" सरांनी ठिपका दाखवला. "याला टोकं नाहीत," फादर म्हणाले. सर म्हणाले, "फादर, खऱ्याला कुठे असतात?" शेवटी काकींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, सोनेरी कागदाची पाच टोकांची चांदणी कापून त्या ठिपक्यावर चिकटवली आणि गावाची मिस्सा, म्हणजे देवळातली नाताळची उपासना, सुरळीत पार पडली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. वसईतल्या एका वाचनालयात अवकाशातल्या दुर्बिणीवर व्याख्यान होतं. मुंबईच्या एका संशोधन संस्थेतल्या बाई बोलायला आल्या होत्या. सर मला ओढून घेऊन गेले. गणिताची म्हणजे आकाशाचं मला कळणारच, असा त्यांचा समज होता.

बाई बोलायच्या छान. दुर्बीण हवेच्या वर, पृथ्वीभोवती फिरतेय. तिने आकाशाच्या एका काळ्याभोर तुकड्याकडे सलग दहा दिवस टक लावून बघितलं. तुकडा केवढा? हात लांब करून बोटावर खसखशीचा दाणा धरा, त्याहूनही लहान. साध्या डोळ्यांना तिथे काही म्हणजे काही नाही. आणि दहा दिवसांनी त्या जागी हजारोंनी दीर्घिका दिसल्या. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची एकेक अफाट वस्ती. भिंतीवरच्या पडद्यावर तो फोटो आला तेव्हा मागच्या रांगेतली चुळबुळ थांबली. मग त्यांनी प्रकार सांगितले. काही लंबगोल, काही सर्पिल, म्हणजे मधल्या गाभ्यातून वळणदार हात फुटलेल्या, आणि यांत न बसणाऱ्या त्या अनियमित. जितकं दूर बघावं तितक्या अनियमित जास्त, असं दिसतंय, त्या म्हणाल्या.

सरांनी हात वर केला. "अनियमित कुणाच्या नियमाने?"

सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तीच तर अडचण आहे. त्या खरोखरच वेड्यावाकड्या आहेत, की इतक्या फिकट आहेत म्हणून आम्हाला त्यांचे हात दिसत नाहीत, हे पक्कं सांगता येत नाही. मी आणि माझी एक सहकारी, आम्ही दोघी नुसत्या डोळ्यांनी एकेक चित्र बघून ठरवतो. संगणक यात अजून कच्चा आहे."

"मग चित्रकलेच्या माणसाला का विचारत नाही?"

"कुणी विचारू दिलं तर विचारू की," बाई म्हणाल्या. व्याख्यान संपल्यावर त्यांनी खरंच सरांचा पत्ता लिहून घेतला.

त्या आठवड्यात सरांना झेरॉक्सचं वेड लागलं. कुठल्याशा मासिकातून त्यांनी एका जवळच्या दीर्घिकेचा स्पष्ट फोटो कापला होता. दोन्ही हात कसे ठसठशीत. स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात त्यांनी त्याची प्रत काढायला लावली. मग त्या प्रतीची प्रत, रंग हलका करून. मग तिची प्रत. दुकानदार जवळच्याच जूचंद्र गावचा होता, धंद्यात चोख. तिसऱ्या प्रतीला त्याने हात आखडला.

"सर, झेरॉक्सची झेरॉक्स नका मारू. पार घान येते."

"घाणच हवी आहे मला. अजून हलकी कर."

"मग लोक बोलनार, याची मशीन खराब. तुमी कोनाला सांगू नका, हितून काढली म्हनून."

सरांनी तसं वचन दिलं आणि दहा प्रती घेऊन सरळ माझ्या आठवी ‘ब’च्या वर्गात आले. माझा समीकरणांचा तास चालू होता. फळ्यावर त्यांनी प्रती ओळीने चिकटवल्या आणि मुलांना विचारलं, हात कुठपर्यंत दिसतात? चौथ्या प्रतीपर्यंत सगळा वर्ग एकमताचा होता. दहाव्या प्रतीत नुसता मधला डाग उरला होता, तिथेही वाद नव्हता. भांडण पेटलं ते सातव्या प्रतीवर. अर्धा वर्ग म्हणे हात आहेत, अर्धा म्हणे नाहीत. एक मुलगी आधी हो म्हणाली, बाकावरून उठून जवळ गेली आणि नाही म्हणत परत आली. मी तिला म्हटलं, "एक काय ते ठरव." सर माझ्याकडे वळले. "तिने बरोबर सांगितलं, टीचर. ही सातवी प्रतच तशी आहे." मला ते तेव्हा कळलं नाही. माझा तास बुडाला, एवढंच कळलं.

तास बुडण्याबद्दल तक्रार करायचा मला खरं तर अधिकारच नव्हता. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचे तास गणिताला देण्याची आमच्याकडे रीत होती. म्हणजे ते मला मिळत. सर खडूचा डबा उचलून मुकाट्याने वर्गाबाहेर पडत. त्यावरून ते कधी भांडले नाहीत. एकदाच, पायऱ्या उतरताना म्हणाले होते, "सगळ्यांना वाटतं, बघणं हे काही काम नव्हे. डोळे काय, प्रत्येकालाच असतात." त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता म्हणून मला जास्त लागलं.

त्यामुळे संस्थेतल्या बाईंचं पत्र आलं तेव्हा सरांना काय वाटलं असेल, हे मी समजू शकत होते. पत्रासोबत जाड बंडल होतं, एकेका दीर्घिकेच्या छोट्या छोट्या चित्रांचं. आम्ही दोघी ठरवतोच आहोत, तुम्ही तिसरे निरीक्षक व्हा, असं त्यांनी लिहिलं होतं. तुमचा निर्णय पारखून बघू, आणि तो भरवशाचा ठरला तर आमच्या शोधनिबंधाच्या शेवटी आभारात तुमचं नाव छापू. सरांनी ते पत्र आधी चारही बाजूंनी फिरवलं, मग स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचलं. त्यांना पत्रं मनात वाचता येतच नसत. मग ते खिशात ठेवून आठवडाभर हिंडले. काकींनी देवळात सांगितलं, फादरांनी रविवारच्या मिस्सानंतर सूचनांमध्ये सांगून टाकलं. भुईगावात केळी उतरवणारा माणूससुद्धा विचारू लागला, "सर, तुमचं नाव कवा छापून येतंय?" नोकरी संपायला त्यांना तीन वर्षं उरली होती. बघणं हे काम आहे, आणि ते मला येतं, असं कुणीतरी छापील अक्षरांत म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही, पण ते न कळण्याइतकी मी गणिती नव्हते.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी मी एसटीने भुईगावला जायची आणि आमचं काम ओटीवर चालायचं. आकाशाचं काम आणि भर दुपारी! दिव्याच्या पिवळ्या उजेडात करडा रंग फसवतो म्हणून सरांना दिवसाचाच उजेड लागे. चित्रं उलट्या रंगांत छापलेली होती, कागद पांढरा आणि दीर्घिका काळपट, कारण पुसट गोष्ट तशी नीट दिसते. सर एक चित्र उचलत, डोळे बारीक करत, चार वेळा फिरवत आणि बोलत. लिहायचं मी. पेन त्यांनी हातात धरायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. "हातात पेन आलं की हात ठरवायला लागतो," ते म्हणत. माझ्या वहीत चार रकाने होते. लंबगोल, सर्पिल, अनियमित आणि ‘सांगता येत नाही’. चौथा रकाना मला आवडत नसे. गणितात असं उत्तर लिहिणाऱ्याला मी शून्य देते.

कधी मी विचारायची, "सर, ही भोवऱ्यासारखी नाही का दिसत?"

"कशासारखी ते नंतर बघू. आधी कशी आहे ते बघ."

चित्र एकदा बोलून झालं की ते पालथं पडे आणि सर ते विसरून जात. अगदी ठरवून विसरत. पुढच्या चित्रावर आधीच्याची सावली पडायला नको, असं ते म्हणत.

समोर अंगणात काकी राजेळी केळी सुकवायला उन्हात घालत. त्यांची सुकेळी सगळ्या गावात नावाजलेली. मधूनच त्या आमच्याकडे बघून म्हणत, "शेजाऱ्याची गाय वाडीत शिरली, अर्धा वाफा खाल्लान तिने, ती नाय दिसली ह्यांना. आणि दुर्बिणीतला ठिपका सर्पिल का काय तो बरा दिसतो!" सर म्हणत, "गाय हलत होती गं." त्यावर काकी पदर तोंडाला लावून हसत.

पहिल्या बंडलाची यादी दिवाळीआधी गेली, चित्रं सरांकडेच राहिली. दुसरं बंडल नाताळनंतर आलं. सोबत एवढीच सूचना होती, की प्रत्येक चित्र नव्याने बघावं आणि मागची यादी समोर ठेवू नये. मागची यादी सरांकडे नव्हतीच. कच्ची वही माझ्याकडे असे आणि तिच्यावरून मीच पक्की यादी सुवाच्य अक्षरात करून पाठवत असे.

दुसऱ्या बंडलाच्या दुसऱ्याच शनिवारी माझ्या लक्षात आलं, की यातली काही चित्रं जुनीच आहेत. नंबर बदललेले होते आणि चित्रं फिरवून छापली होती. सरांना ते कळलं नाही, कारण ते विसरून बसले होते. मला कळलं, कारण मी समोर बसायची आणि पहिलं बंडल सगळं उलटं बघितलं होतं. त्यात सर प्रत्येक चित्र चार वेळा फिरवत, त्यामुळे बाईंनी ती कशीही फिरवून छापली तरी मला ओळखीची दिसत. सरांना मी ते सांगितलं नाही. बंडल संपल्यावर घरी बसून दोन्ही वेळची उत्तरं पडताळली. सर वीस-बावीस ठिकाणी स्वतःचंच म्हणणं फिरवत होते. दिवाळीआधी जिला सर्पिल म्हणाले, तिला आता अनियमित म्हणत होते. जिला लंबगोल म्हणाले, तिथे आता ‘सांगता येत नाही’.

ही परीक्षा आहे, हे मला समजलं. आणि सर त्यात नापास होतायत, असं मला वाटलं.

आता मी जे केलं ते शिक्षकाशिवाय दुसरं कुणी केलं नसतं. आमच्याकडे दोन परीक्षकांच्या गुणांत फरक पडला, की निकालपत्रकात जाण्याआधी तो मिटवायचा असतो. कुणाला दोन गुण वर, कुणाला एक खाली, आणि तपासायला आलेल्या साहेबाला शंका यायला जागा ठेवायची नाही. ही लबाडी आहे असं आम्हाला कुणालाच वाटत नाही. आम्ही याला टापटीप म्हणतो. मी जेवणाच्या टेबलावर समास आखला, पट्टी धरली आणि पक्की यादी करताना दुसरी उत्तरं पहिल्यांशी जुळवून टाकली. बावीसच्या बावीस. अक्षर माझं तेव्हा फार सुरेख होतं. पाकीट टपालात टाकताना मला अगदी समाधान वाटलं होतं, हे आज सांगताना लाज वाटते.

महिन्याभराने उत्तर आलं. मधली सुट्टी होती. सरांनी सवयीप्रमाणे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बाईंनी फार सभ्यपणे लिहिलं होतं. दुसऱ्या बंडलात काही चित्रं मुद्दाम पुन्हा घातली होती, एकच डोळा स्वतःशी किती जुळतो ते बघण्यासाठी. आपली उत्तरं तंतोतंत जुळली. माझी स्वतःची इतकी जुळत नाहीत, कुणाचीच जुळत नाहीत. तेव्हा पहिली यादी बघून दुसरी भरली होती का, एवढं कृपया कळवावं.

सर वाचायचे थांबले. स्टाफरूममध्ये डबे उघडे होते. हिंदीच्या सरांनी, वाईट हेतूने नव्हे पण म्हणून टाकलं, "म्हणजे काय, तुम्ही कॉपी केली म्हणतायत का त्या?"

"तसंच दिसतंय," सर म्हणाले. कागद त्यांनी एकदाही फिरवला नाही. "पण मी तर बघितली नव्हती. मग जुळलं कसं?" ते खरोखरच विचारात पडले होते. समोरच्या भिंतीकडे डोळे पूर्ण उघडून बघत होते, आणि मी त्यांना तसं कधीच बघितलं नव्हतं. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी डब्याचं झाकण लावलं.

पुढच्या दोन दिवसांत सरांनी नोकरीतली बहुधा पहिलीच किरकोळ रजा घेतली. शनिवारी मी गेले तेव्हा ओटीभर चित्रांच्या जोड्या मांडल्या होत्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एकेक खडा. मी पाठवलेल्या याद्यांची कार्बन प्रत त्यांनी माझ्याकडून मागून घेतली होती, ती मांडीवर होती.

"अगं, हे बघ," ते म्हणाले. "ही जोडी. यादीत दोन्ही वेळा सर्पिल आहे. हे मी दोन्ही वेळा म्हटलं असणं शक्यच नाही. ही तर सातव्या झेरॉक्सच्याही पुढची आहे. आणि ही. आणि ही बघ. असं एकाच बाजूने मी कसा बोलेन?" ते चोर शोधत नव्हते. त्यांना उलगडा हवा होता आणि तो माझ्याकडे आहे याची त्यांना कल्पनाही नव्हती.

मी सांगितलं. सगळं, एका दमात, खाली बघत. वर, "तुम्हाला कमीपणा येईल असं वाटलं," असंही म्हटलं.

सरांनी मांडीवरची कार्बन प्रत घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "कमीपणा आला असता, तर तो माझा आला असता." आणि थोड्या वेळाने, "टीचर, तुमच्याकडे कच्ची वही आहे का अजून?"

स्वतःच्या ओटीवर त्यांनी मला टीचर म्हटलं. इतकी वर्षं होऊन गेली तरी मला तो शब्द आठवला की बसल्या जागी ओशाळं वाटतं.

कच्ची वही होती. रविवारी मी ती घेऊन गेले, तेव्हा ते मिस्साहून नुकतेच आले होते. कोट न काढताच त्यांनी वही उघडली आणि बावीस जागांवर पेन्सिलीने बारीक खुणा केल्या. मी रागाची वाट बघत बसले होते. दहाव्या-बाराव्या खुणेला त्यांचे डोळे बारीक झाले, मान मागे गेली. "अरेच्चा," ते म्हणाले. "सगळ्या फिकट. एकूणएक. ठळक एकही नाही यात." त्यांनी त्या बावीस जोड्या वेगळ्या काढून ओळीने लावल्या. "मी जिथे डगमगलो, तिथेच त्या सरहद्दीवर आहेत. हेच तर बाईंना बघायचं असणार. कुठपर्यंत दिसतं आणि कुठून आपण नुसतं म्हणायला लागतो." बोलता बोलता ते क्षणभर विसरलेच, की या सगळ्यात त्यांचं नाव गेलं होतं. मी विसरले नव्हते.

"पत्र तू लिही," ते म्हणाले. "झालं तसं."

मी लिहिलं. दोन पानं. शेवटी लिहिलं, ‘यात सरांचा काहीही दोष नाही, ते अत्यंत प्रामाणिक गृहस्थ आहेत.’ सरांनी पेन्सिल घेऊन ते वाक्य खोडलं. "हे तुझं मत झालं. काय घडलं तेवढंच ठेव." मग पत्रात उरलं ते इतकं उघडंवाघडं, की सही करण्याआधी मी ते दोनदा वाचलं. पत्रासोबत कच्ची वही गेली.

बाईंचं उत्तर यायला वेळ लागला नाही. खरं सांगितल्याबद्दल त्यांनी आभार मानले होते. कच्च्या वहीतली उत्तरं आपण तपासली, सरांची नजर आमच्या दोघींच्या बरोबरीची आहे, कदाचित जास्त सावध आहे, असं लिहिलं होतं. पण यादी एकदा बदलली गेली आहे आणि चित्रं तुम्ही दोघांनीही आता ओळखली आहेत. त्यामुळे निबंधात ती घेता येणार नाही, आणि नावही घालता येणार नाही. मला याचं फार वाईट वाटतं, हे वाक्य त्यांनी टाइप केलेल्या मजकुराखाली शाईने वेगळं लिहिलं होतं.

हेही पत्र सरांनी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचलं, शेवटपर्यंत. "बरोबर आहे," म्हणाले. "मीही घेतली नसती." माझं नाव त्या पत्रात होतं. ते वाचताना त्यांनी आवाज वाढवला नाही आणि कमीही केला नाही. त्या रविवारी फादरांना त्यांनी सूचनांमध्ये सांगायला सांगितलं, की नाव छापून येणार नाही. फादर नको म्हणाले, असलं काय सांगायचं. तेव्हा सर देवळाच्या पायरीवर उभे राहिले आणि बाहेर पडणाऱ्या एकेकाला स्वतः सांगत राहिले. काकींनी मला अंगणातच गाठलं. "पोरी, तुला कोणी सांगितलं होतं गं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "माणूस कधी काय मागत नाय. एवढं एकच हवं होतं त्यांना."

निबंध यथावकाश छापून आला असणार. आम्ही तो बघितला नाही.

पुढचे दोन शनिवार मी भुईगावला गेले नाही. तिसऱ्या आठवड्यात सर मधल्या सुट्टीत म्हणाले, "टीचर, शनिवारी येणार ना? दोन्ही बंडलं पडून आहेत."

"आता कुणासाठी, सर?"

"कुणासाठी म्हणजे?" त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. "त्या कशा आहेत, ते कळायला नको?"

मी गेले. काकींनी चटई टाकली. मी नवी वही काढली, रकाने आखले, तारीख घातली. सरांनी गठ्ठ्यातून एक चित्र उचललं. अगदी पुसट होतं, कागदावर बोटाचा डाग पडावा तसं. त्यांनी ते चार वेळा फिरवलं.

"सर्पिल," ते म्हणाले. मी लिहिलं.

"थांब." त्यांनी चित्र लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. "नाही. अनियमित."

माझं पेन पहिल्या शब्दावर काट मारायला गेलं होतं.

"खोडू नकोस," सर म्हणाले. "मी दोन्ही म्हटलंय. दोन्ही लिही."

मी दोन्ही लिहिलं.